काखेतला कांदा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर सांगायची गरजच नव्हती — त्याला ते माझ्याआधीच ठाऊक होतं. गंमत बघा, बोलणं हा माझा धंदा. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्याहून जास्त वर्षं वऱ्हाडी हास्यकवी म्हणून गावोगावचे मंच गाजवले. अकोल्यात कुणालाही विचारा, मास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही असंच सांगतील. पण एक तीळ पन्नास वर्षं कोरडा राहिला आहे. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच सांगणं जरा सोपं जातंय.

सुरुवात सिनेमापासून करतो, कारण सिनेमा नसता तर हे सगळं माझ्याबरोबरच गेलं असतं.

चार-पाच वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पराग त्याचं नाव. लग्नाचं शूटिंग करून त्यानं कॅमेरे जमवले होते आणि आता त्याला वऱ्हाडी बोलीत मोठा सिनेमा काढायचा होता. विनोदी हवा, गाण्यांचा हवा, आणि आजवर कुणी केला नसेल असा हवा. माझ्याकडे गोष्ट होती. लढाईचे दिवस आहेत, रेडिओवर रोज बातम्या येतात, गावात देशभक्तीचं वारं सुटलंय, आणि त्या वाऱ्यात एक तरणाबांड पोरगा आहे ज्याला फौजेत अजिबात जायचं नाही. बाप मात्र चावडीवर सांगून बसलाय की माझा पोरगा जाणार. मग तो पोरगा भरतीतून सुटण्यासाठी काय काय करतो, तरी कसा भरती होतो, आणि तिथं बंदुकीपेक्षा ढोलकीच कशी जास्त वाजवतो — अशी सगळी धमाल. सात गाणी होती. सातही माझी. सिनेमाचं नाव सांगत नाही. वऱ्हाडात ज्यांना पाहायचा होता त्यांनी तो मोबाइलवर केव्हाच पाहून घेतला आहे.

परागनं विचारलं, सर, एवढं बारीकसारीक तुम्हाला कसं सुचतं? मी म्हणालो, काखेत कळसा नि गावाला वळसा. तो हसला. मीही हसलो. हसणं मला सवयीनं येतं.

फौजेतलं खरंखुरं काही दाखवायचं तर माहीतगार माणूस पाहिजे. तो माझ्या गावातच होता. आमचं गाव दर्यापूरच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात — विहिरीचं पाणी तोंडात घ्यावं तर मचूळ. तिथं सुखदेव राहतो. शाळेत पहिलीपासून माझ्या वर्गात. मी गुरुजींचा पोरगा, गावचं जोशीपण घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तो बौद्धवाड्यातला, आजा पलटणीत होता हे अभिमानानं सांगणारा. सुखदेव फौजेत गेला, ट्रक चालवायचा, एकाहत्तरच्या लढाईत होता. तिथं काय पाहिलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचा, “गाडी चालवली बाप्पा, अजून काय?” आणि विषय बदलायचा.

पेन्शन घेऊन तो गावी आला तेव्हापासून गावात त्याला नाव एकच — फौजी. आणि काम एक, वर्षातून दोनदा. सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला शाळेतला झेंडा बांधायचा तो. तुम्ही म्हणाल त्यात काय मोठं? आत झेंडूच्या पाकळ्या भरून, घडी घालून अशी गाठ मारायची की वर गेल्यावर एका हिसक्यात सुटली पाहिजे, आणि वर जाताना वाऱ्यानं सुटता कामा नये. जमतं का कुणालाही? सरपंच कुणीही असो, दोरी ओढायचा मान गावानं पुढे पुढे त्यालाच देऊन टाकला होता. त्याच शाळेत त्याचा बाप शिकायला गेला तेव्हा त्याला ओट्याच्या खाली बसवत. सुखदेव हे कधी बोलून दाखवत नसे. पण त्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, छातीवर पदकं आणि दाढी अशी घोटून केलेली की गाल चमकायचे.

तर सिनेमासाठी मी त्याच्याकडे गेलो. त्यानं नायकाला सावधान-विश्राम शिकवलं, सलाम शिकवला, आपली पत्र्याची पेटी दिली, जुना पट्टा दिला. गोष्ट काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. “तुयं हाय ना? मंग चांगलंच असन,” एवढंच म्हणाला. परागनं सिनेमाच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत विशेष आभार म्हणून त्याचं नाव टाकलं. सगळ्या नावांत तेवढं एकच नाव एकट्यानं पडदाभर.

आता त्या प्रसंगाकडे येतो. येतो म्हणतो आणि बाजूनं फिरतोय, हे मला कळतंय.

सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग भरतीचा. पोरानं ऐकलेलं असतं की काखेत कांदा धरून ठेवला की अंगात ताप चढतो. तो पहाटेपासून काखेत कांदा दाबून रांगेत उभा आहे. हवालदार ओरडतो, कपडे उतारो! पोरगा हात वर करतो — आणि कांदा टुणकन खाली पडतो, घरंगळत हवालदाराच्या बुटाशी जाऊन थांबतो. मग गाणं सुरू होतं:

काखेत कांदा नं अंगाले ताप,
मले नोका नेऊ सायेब, घरी म्हतारा बाप!

हे गाणं लग्नाच्या वरातीत वाजलं. बॅन्डवाल्यांनी उचललं. अमरावतीला एका संमेलनात लोकांनी मला ते तीनदा म्हणायला लावलं.

पहिला खेळ अकोल्यात झाला. थिएटर गच्च. गावाकडची एक बसभर माणसं आली होती. तिसऱ्या रांगेत सुखदेव, शेजारी त्याची बायको शांतावहिनी आणि त्याची नात. कांद्याचा प्रसंग त्यानं आधी पाहिला नव्हता — ते शूटिंग अमरावतीच्या मैदानावर झालं तेव्हा तो नव्हता. कांदा पडला तेव्हा थिएटर नुसतं उसळलं. मी अंधारात त्याच्याकडे पाहिलं का? पाहिलं. तो हसत नव्हता. चिडलाही नव्हता. लांबून येणाऱ्या माणसाची ओळख पटेपर्यंत आपण बघत राहतो, तसा बघत होता.

सिनेमा संपल्यावर आम्ही मंचावर. प्रश्नोत्तरं सुरू झाली. आमच्या गावचा एक म्हातारा उठला, माइक घेतला आणि म्हणाला, “मास्तर, लढाईच्या टायमाले तुमी बी तं गेल्ते ना भरतीले? तो कांदा तुमचा तं नोयता?”

लोक हसले. त्याच्या मनात काही नव्हतं, त्यानं चेष्टाच केली होती. मला एक सेकंद होता. कदाचित दोन. एवढ्या वेळात माणूस खूप काही करू शकतो — मी हो म्हणू शकलो असतो, लोक आणखी हसले असते आणि मला वाटतं प्रेमानंच हसले असते. सत्तरीचा कवी आपल्या तरुणपणीच्या भित्रेपणावर हसतो, यात बिघडलं असतं काय? किंवा नुसतं, ‘अहो, सिनेमा आहे तो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

मी म्हणालो, “कांदा ज्याचा, तो माणूस इथंच बसला आहे. तिसऱ्या रांगेत. विशेष आभार उगाच मानले का?”

काय टाळ्या पडल्या! कुणीतरी दिवा त्याच्यावर वळवला. मला वाटलं, आता तो बोलेल. सुखदेव उभा राहिला. दोन्ही हात जोडले, चारी दिशांना फिरवले आणि खाली बसला. शेजारी त्याची नात टाळ्या वाजवत होती. वहिनी वाजवत नव्हत्या.

बाहेर गाठ पडली तेव्हा म्हणाला, “तुये गाने चांगले झाले.” आणि बसमध्ये चढला.

आता सांगून टाकतो. माझे वडील गावात गुरुजी होते. लढाईची हवा तापत होती, तेव्हा त्यांनी शाळेच्या ओट्यावरून भाषण ठोकलं की घराघरातून एक पोरगा सीमेवर गेला पाहिजे. मागून कुणीतरी विचारलं, गुरुजी, तुमच्या घरचं काय? झालं. आपलेच दात, आपलेच ओठ, दुसरं काय होणार! दोन दिवसांनी मी आणि सुखदेव अमरावतीच्या मैदानावर भरतीच्या रांगेत उभे. तो स्वतःहून आला होता. मी बापाच्या भाषणापायी. माझ्या डाव्या काखेत, बंडीच्या आत, कांदा.

हवालदार ओरडला. बंडी काढली. कांदा पडला. घरंगळत गेला. इतकं सगळं सिनेमासारखंच झालं — किंवा सिनेमा तसा झाला. रांग हसली. हवालदार मात्र हसला नाही. त्यानं कांदा बुटाखाली अडवला आणि विचारलं, “ये किसका है?”

मी जमिनीकडे पाहत होतो. जीभ टाळूला चिकटली होती असं मी कवितेत लिहिलं असतं. खरं म्हणजे जीभ मोकळी होती. मी ती हलवली नाही.

माझ्या मागे सुखदेव होता. तो पुढे झाला, वाकला, कांदा उचलला, चड्डीला पुसला आणि म्हणाला, “मेरा है साब. भाकर के संग खाने को लाया था, निकल गया हात से.”

हवालदारानं त्याला त्या उन्हात मैदानाचे चार फेरे मारायला लावले. मला डॉक्टरकडे पाठवलं. अंग खरंच तापलं होतं — कांद्यानं, उन्हानं की भीतीनं, देव जाणे. डॉक्टरनं मान हलवली, मला बाजूला काढलं. सुखदेव चार फेरे मारून आला, धापा टाकत रांगेत लागला, आणि घेतला गेला. गावात माझ्याबद्दल हळहळ झाली. ऐन वेळी ताप आला हो गुरुजींच्या पोराला, नाहीतर तो पण गेला असता! वडील हे वाक्य मरेपर्यंत बोलत राहिले.

तेव्हा समजलं ना तुम्हाला, मी थिएटरात काय केलं? नुसतं खोटं बोललो असं नाही. खोटं तर त्यानं माझ्यासाठी आधीच बोलून ठेवलं होतं, मला वाचवायला. मी तेच पन्नास वर्षांनी उचललं आणि त्याच्या अंगावर घातलं. नाकबूल कसा करणार तो? एकदा सगळ्या रांगेसमोर ‘माझा आहे’ म्हणून बसला होता. शिवाय मला उघडं पाडावं लागलं असतं, आणि ते त्यानं तेव्हाही केलं नव्हतं.

पुढच्या सव्वीस जानेवारीला गावानं मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. सिनेमाचा कवी, गावचा सुपुत्र, शाल-श्रीफळ. मी खुर्चीत बसलो होतो. सुखदेव नेहमीसारखा इस्त्रीच्या सदऱ्यात, पदकं लावून, झेंड्याच्या खांबाकडे ताठ चालत गेला. आणि खांबाच्या पायथ्याशी, रांगोळीच्या अगदी मधोमध, कुणीतरी एक कांदा ठेवला होता.

पोरांच्या रांगांतून खिदळणं सुरू झालं. शाळेच्या शिक्षकांनी डोळे वटारले, पण त्यांचेही ओठ हलत होते. सुखदेव थांबला. वाकला, कांदा उचलला, पँटला पुसला आणि खिशात टाकला. अगदी तसाच. मग त्यानं दोरी ओढली, गाठ एका हिसक्यात सुटली, पाकळ्या पडल्या, आणि त्यानं सलाम ठोकला. राष्ट्रगीतभर त्याच्या खिशाला तो फुगवटा दिसत होता.

मी काय केलं? भाषण केलं. शेवटी मुख्याध्यापकांनी गाण्याची फर्माईश केली. मी नाही म्हणायला हवं होतं हे मला त्याही क्षणी माहीत होतं, हे लिहून ठेवतो, म्हणजे अजाणतेपणाची पळवाट राहणार नाही. मी म्हटलं गाणं. दोन्ही कडवी म्हटली. पोरांनी ठेका धरला. सुखदेव खांबापाशी सावधानमध्ये उभा होता, कारण कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हलायचं नाही असा त्याचाच नियम.

त्यानंतर तो झेंडा बांधायला गेला नाही. गुडघे दुखतात असा निरोप धाडला. गावात त्याला ‘कांदा फौजी’ म्हणू लागले होते. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावरून.

एकदा मी त्याच्या घरी गेलो. सगळं सांगून मोकळं व्हायचं ठरवून गेलो होतो — पण ठरवायला काय लागतं? सुखदेव अंगणात लिंबाखाली खाटेवर पेपर वाचत होता. वहिनींनी पाणी आणलं, गडू हातात दिला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

“भाऊजी, एक इचारू का? यायनं घरात कधीच सांगतलं नाई आमाले. म्या तं चार बायांत नाक वर करून सांगो, आमचे मालक आपल्या मनानं गेले फौजेत म्हनून. ते कांद्याचं खरं हाय का?”

पेपर वाजायचा थांबला. सुखदेवनं डोळे वर केले नाहीत. ती बाई नवऱ्याला सोडून मला विचारत होती, कारण मी मास्तर होतो, मास्तर खोटं कशाला बोलेल? एक शब्द पुरे होता. ‘नाही’ एवढाच. पुढचं सगळं सांगण्याचीही गरज नव्हती.

मी म्हणालो, “जुन्या गोष्टी आहेत वहिनी, सोडा आता.”

त्यांनी मान हलवली. पदर खोचला आणि आत गेल्या. सुखदेवनं पेपराचं पान उलटलं आणि आत ऐकू जाईल असं म्हणाला, “चा टाक वं, मास्तर बसले हायेत.” चहा मी पूर्ण प्यायलो. गोड होता.

या पंधरा ऑगस्टला मी गावी होतो. पाहुणा म्हणून नाही, शेताच्या एका कागदासाठी आदल्या दिवशी गेलो होतो. सकाळी शाळेकडे निघालो. झेंडा आता शिपाई बांधतो. दोरी ओढली, गाठ सुटेना. पुन्हा ओढली. सरपंच वर बघतायत, पोरं हसतायत. शेवटी कुणीतरी शिडी आणायला पळालं. मी बाजूच्या गल्लीतून निघालो, ती गल्ली सुखदेवच्या घरावरून जाते. तेवढ्यात शाळेच्या भोंग्यावर राष्ट्रगीत सुरू झालं. फाटकातून अंगण दिसत होतं. सुखदेव लिंबाखाली एकटा सावधान उभा होता. घरातला बनियान, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, पायांत चपला. तोंड शाळेच्या दिशेला. गुडघे अगदी सरळ.

मी थांबलो का? राष्ट्रगीत चालू होतं, थांबायलाच हवं होतं. पण मी थांबलो असतो तर राष्ट्रगीत संपल्यावर त्यानं मला पाहिलं असतं. मी पावलं न वाजवता मागे फिरलो.

एवढंच आहे. सुखदेव आहे अजून, बरा आहे, मीही बरा आहे. गाणं चालू आहे.

भरतीच्या रांगेत पडलेला तो कांदा माझा होता. आईच्या टोपलीतून मीच निवडून घेतला होता — पांढरा, मध्यम, काखेत मावेल असा. त्या दिवशी परत येताना सुखदेवनं तो बसस्टँडवर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “घे, मायले वापस दे, तिले कमी भरन.” मी घरी येऊन तो टोपलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी आईनं तो पिठल्यात चिरला, आणि मी पोटभर जेवलो.